आकाश दिल्लीचे, दोरी पोलिसांची

विशेष प्रतिनिधी, मुंबई

लग्नाची वरात असो, बिल्डरची जाहिरात असो की मालिकेतील एखादे दृश्य, ड्रोनवाचून आता कोणाचेही भागत नाही. मात्र, पैसे घेऊन असे चित्रीकरण करावयाचे, तर परवानगी नेमकी कोणाची घ्यायची, याचे सरळ उत्तर मुंबईत आजही मिळत नाही. केंद्राने नियम सुटसुटीत केले, हे मान्य करावे लागेल. अडचण सुरू होते ती ड्रोन प्रत्यक्ष उडविण्याची वेळ आल्यावर.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी वापराच्या ड्रोनवर सरसकट बंदी घातली होती. नियम तयार होईपर्यंत, असे त्यावेळी सांगण्यात आले. नियम लागू होण्यास १ डिसेंबर २०१८ उजाडला. मधल्या चार वर्षांत मंगल कार्यालयांवर ड्रोन घिरट्या घालतच होते, हे वेगळे सांगायला नको. मार्च २०२१ मध्ये नवे नियम आले, ते जाचक असल्याची ओरड झाली आणि पाच महिन्यांतच, २५ ऑगस्ट रोजी, ते गुंडाळून सध्याचे ‘ड्रोन नियम २०२१’ लागू झाले. अर्जांचे नमुने २५ वरून पाचवर आणि शुल्काचे प्रकार ७२ वरून चारवर आले.

या नियमांनी आकाशाची हिरव्या, पिवळ्या व लाल पट्ट्यांत विभागणी केली. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उड्डाणास परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, तर लाल पट्ट्यात थेट केंद्र सरकारची परवानगी हवी. विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या टापूत हिरवी मर्यादा २०० फुटांवर येते; पाच ते आठ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा पट्टा सुरू होतो. आता मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मधोमध सांताक्रूझचा विमानतळ, शेजारी जुहू, दक्षिणेला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ, पूर्वेला भाभा अणुसंशोधन केंद्र. अंधेरी, जुहू, वांद्रे ही चित्रपट व्यवसायाची मुख्य वस्ती, आणि सूट तेथेच सर्वांत कमी.

चालकाच्या कागदपत्रांचे प्रकरण त्या मानाने सोपे आहे. प्रत्येक ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडविणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र हवे आणि त्रयस्थांसाठी विमाही हवा. दहावी उत्तीर्ण असलेल्या, १८ ते ६५ वयोगटातील कोणालाही प्रशिक्षण घेऊन हे प्रमाणपत्र मिळविता येते. खरी गोम यंत्रातच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने तयार विदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांना त्यातून वगळले, चित्रीकरणाला नाही. छायाचित्रकारांची पसंती मात्र चिनी बनावटीच्या कॅमेरा-ड्रोनलाच आहे. चोरवाटेने आलेल्या यंत्राची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे पुढचे सारेच बेकायदा.

एवढे सारे जमविलेल्या व्यावसायिकालाही शेवटी गाठावे लागते ते पोलिसांना. मुंबई पोलिस वेळोवेळी, बहुधा एका महिन्यासाठी, ड्रोन, पॅराग्लायडर आदींवर बंदीचे आदेश काढतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ नुसार निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ त्यासाठी वापरले जाते. पोलिस उपायुक्तांच्या (अभियान) लेखी परवानगीचा अपवाद या आदेशांत असतो. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात, मे २०२५ मध्ये, असाच आदेश निघाला आणि तेव्हा त्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते. पण एरवीच्या महिन्यांचे काय?

ड्रोन नियमांत पोलिसांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी तात्पुरता लाल पट्टा जाहीर करू शकतो; पण एका वेळी कमाल ९६ तासांसाठी, वाजवी क्षेत्रापुरता आणि तो संगणकीय नकाशावर दाखवूनच. महिनाभराचा शहरव्यापी आदेश या चौकटीच्या बाहेरून, दुसऱ्याच कायद्याने येतो. त्यामुळे केंद्राच्या नकाशावर हिरवा दिसणारा उपनगराचा कोपराही प्रत्यक्षात बंद असू शकतो. सुरक्षेची काळजी निराधार नाही. २६ नोव्हेंबरचा हल्ला सोसलेल्या शहराला तर ती अधिकच. तथापि, अशा बंदीची झळ नोंदणी, प्रमाणपत्र व विमा यांवर खर्च केलेल्यालाच बसते. लेखी परवानगीची वाट पाहणारा तोच. बिनकागदाचा ड्रोनवाला वरात उरकून मोकळाही झालेला असतो.

गडकिल्ल्यांवर आणखी एक दार ठोठवावे लागते. राज्यातील ११ किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आणि तेथे चित्रीकरणाची हौस वाढणार, हे उघड आहे. केंद्रीय संरक्षित किल्ल्यावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची मंजुरी वेगळी, अभयारण्यातील किल्ल्यावर वन विभागाची वेगळी. आकाश हिरवे असले तरी त्यातून सुटका नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने ड्रोनविषयक स्वतंत्र कायद्याचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. कारावासाची शिक्षाही त्यात सुचविण्यात आली होती. आजच्या नियमांत दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये आहे.