‘फेथफुली’ची जागा

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून बराक ओबामा यांचा शपथविधी २० जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलसमोर लक्षावधी लोकांच्या साक्षीने झाला, तेव्हा शपथेचा मजकूर सांगणारे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या हाती कागद नव्हता. आणि राज्यघटनेने घालून दिलेल्या त्या अवघ्या ३५ शब्दांपैकी ‘फेथफुली’ हे क्रियाविशेषण, जे मूळ पाठात ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’ यांच्या मधोमध बसलेले आहे, ते त्यांच्या तोंडून निसटून पार वाक्याच्या शेवटी जाऊन पडले. ओबामा ‘एक्झिक्यूट’पाशी येऊन थबकले, सरन्यायाधीशांनी सावरून घेण्याच्या प्रयत्नात घोटाळा आणखी वाढवला, आणि अखेर पहिल्याने सांगितला गेला होता त्याच चुकीच्या क्रमाने तो शब्द उच्चारला गेला. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये, केवळ खबरदारी म्हणून, तीच शपथ पुन्हा देण्यात आली.

हार्वर्डचे स्टीव्हन पिंकर यांनी लागलीच वर्तमानपत्रात लेख लिहून या घटनेची जी उपपत्ती मांडली, ती मला मोठी मार्मिक वाटते. रॉबर्ट्स हे भाषेच्या बाबतीत अत्यंत काटेकोर गृहस्थ. साहाय्यक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालणे अशुद्ध, हा समज त्यांच्या इतका अंगी मुरलेला असावा की स्मरणावर विसंबताच जिभेने परस्पर राज्यघटनेचीच दुरुस्ती करून टाकली. मनात काय घडले याचा पुरावा कोठून आणणार? परंतु खोटा नियम विद्वानाच्याही कानावर कशी कुरघोडी करतो, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही.

हे सोवळे फारसे प्राचीन नाही. ‘टु’ आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्ये तिसरा शब्द शिरू देऊ नये, असा आग्रह कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ साली ‘अ प्ली फॉर द क्वीन्स इंग्लिश’ या पुस्तकात धरला, आणि त्याला आधार असा दिला की इंग्रजी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांत अशी रीत मुळीच नाही. वास्तविक चौदाव्या शतकातल्या जॉन विक्लिफच्या लेखनात ही रीत वारंवार आढळते. लॅटिनमध्ये हे रूप एकाच शब्दाचे असल्यामुळे ते फोडता येत नाही, सबब इंग्रजीतही फोडू नये, हा युक्तिवादही पुष्कळ वेळा ऐकू येतो. पण एका भाषेचा कायदा असा दुसरीला लावणे म्हणजे कोकणातल्या खोताच्या वहिवाटीवरून देशावरच्या जमिनीचा सारा ठरवण्यासारखे आहे. पुढे या भयाची लागण ‘टु’पुरती न राहता ‘विल’, ‘हॅव’, ‘मस्ट’ यांच्यापर्यंत पोचली. हेन्री फाउलर यांनी १९२६ साली आपल्या कोशात या भयाची यथेच्छ थट्टा केली, तरी ते गेले नाही.

या नियमाने अर्थाची हानी कशी होते, हे कचेरीच्या कागदात चांगले दिसते. कलेक्टरसाहेबांनी रयतेच्या तक्रारीची चौकशी करण्याचे ठरवले आणि ती चौकशी तातडीने व्हावी, असे इंग्रजीत लिहावयाचे आहे, असे समजा. ‘डिसायडेड प्रॉम्प्टली टु इन्क्वायर’ असे शुद्धिवादी लेखणीने लिहिले, की तत्परता ठरवण्यात होती की चौकशीत असावयाची, याचा उलगडा खुद्द कलेक्टरसाहेबांनाही होणार नाही; तोच शब्द शेवटी नेला, तर मध्ये तक्रारींचे, गावांचे आणि सर्व्हे नंबरांचे लांबलचक वर्णन येऊन तो आपल्या क्रियापदापासून इतका दूर पडतो की वाचणाऱ्याला त्याचा धनी शोधत मागे जावे लागते. ‘टु प्रॉम्प्टली इन्क्वायर’ असे सरळ लिहिले, की संशय म्हणून उरत नाही. उत्पन्न दुपटीहून अधिक होण्याची अपेक्षा व्यक्त करताना इंग्रज व्यापारी ‘टु मोअर दॅन डबल’ असे लिहितो, तेथे तर त्या शब्दांना हलवून दुसरीकडे ठेवण्याजोगी जागाच नाही.

‘ओन्ली’ची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि येथे मराठी माणसाच्या कानाची विशेष फसगत होते. आपल्या भाषेत ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो त्याच्यावरच जोर पडतो. ‘मीच त्याला काल पाहिले’, ‘मी त्यालाच काल पाहिले’ आणि ‘मी त्याला कालच पाहिले’ या तीन वाक्यांचे तीन अर्थ कागदावरच निश्चित होतात. इंग्रज मनुष्य बोलताना ‘ओन्ली’ क्रियापदाच्या शेजारी सोडून देतो आणि ‘आय ओन्ली सॉ हिम यस्टरडे’ म्हणताना कोणत्या शब्दावर आवाज चढवावयाचा, एवढेच पाहतो. त्याचे हे बोलणे अशुद्ध ठरवण्याचा कोणालाही अधिकार नाही. परंतु दस्तऐवजाला आवाज नसतो, म्हणून करारनाम्यात किंवा मृत्युपत्रात ‘ओन्ली’ ज्याचे त्याच्याजवळ बसवणेच शहाणपणाचे आहे, आणि त्या ठिकाणी मी काटेकोर लोकांच्या पक्षाला जाऊन मिळतो.

आता आपल्याकडे पाहू. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले आणि पुढे ‘बो जेस्ट’ या कादंबरीने नावारूपास आलेले पी. सी. रेन यांनी मार्टिन यांच्यासह रचलेले व्याकरण आमच्या कितीतरी पिढ्यांनी घोकले. तरी खऱ्या नियमाकडे आमचे दुर्लक्षच झाले. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांची फारकत सहसा खपत नाही. ‘ही स्पीक्स वेल इंग्लिश’ किंवा ‘आय लाइक व्हेरी मच टी’ असे शब्द चांगल्या पदवीधराच्या तोंडून येतात, आणि ते इंग्रजाच्या कानाला तत्काळ खटकतात. ‘पुट ऑफ द मीटिंग’ म्हणता येते, पण मीटिंगच्या जागी सर्वनाम आले की ‘पुट इट ऑफ’ असेच म्हणावे लागते, ‘पुट ऑफ इट’ चालत नाही; हा नियम इंग्लंडातल्या पाच वर्षांच्या पोराला न शिकवता येतो, आणि आपल्या विद्यार्थ्याला तो मुद्दाम शिकवावा लागतो. पण मास्तरांच्या तांबड्या शाईचा पुष्कळसा भाग ‘टु’च्या राखणीतच खर्च झाला.

ऑक्सफर्डच्या १९९८ सालच्या नव्या कोशानेही ‘टु’ आणि क्रियापदाच्या मध्ये क्रियाविशेषण येण्यास मान्यता दिली आहे. तेव्हा आपल्या शाळांच्या प्रश्नपत्रिकांत ‘वाक्य शुद्ध करा’ या सदराखाली ‘टु’शेजारचा शब्द उचलून दूर ठेवण्याची कसरत कोठे उरली असेल, तर ती काढून टाकावी, आणि तिच्या जागी कलेक्टरसाहेबांचे ते ‘प्रॉम्प्टली’चे वाक्य तीन तऱ्हांनी छापून, तातडी ठरवण्यात होती की चौकशीत, एवढेच मुलांना विचारावे.