उपचार : रीत आणि सेवा

आजच्या मराठीत ‘उपचार’ हा शब्द मुख्यतः दोन अर्थांनी चालतो : एक रुग्णावरील चिकित्सेचा, आणि दुसरा ‘केवळ उपचार म्हणून’ या शब्दांत उतरलेला, मन नसताना उरकलेल्या रिवाजाचा. यांतल्या दुसऱ्या अर्थाने मूळ शब्दावर अन्याय केला आहे. कारण ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘चर्’ म्हणजे वावरणे, यांतून सिद्ध झालेल्या या शब्दात जवळ राहून केलेली सेवा अभिप्रेत आहे, आणि दुरून उरकण्याची कल्पना त्यात मुळीच नाही.

षोडशोपचार पूजेचा क्रम पाहिला की हे स्पष्ट होते. आधी आवाहन, म्हणजे बोलावणे. मग बसायला आसन, पाय धुण्यासाठी पाद्य, सन्मानाचे पाणी म्हणजे अर्घ्य, पिण्यासाठी आचमन, त्यानंतर स्नान, वस्त्र, गंध, फुले, धूप, दीप आणि नैवेद्य. लांबून आलेल्या पाहुण्याचे आगतस्वागत याच क्रमाने होते, आणि पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचांपैकी एकेक ऋचा एकेका उपचाराला जोडलेली असते. एखादी वस्तू घरात नसेल तर तिच्या जागी अक्षता वाहण्याची मुभा आहे. दागिना नाही म्हणून ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’ असे म्हणून चार तांदूळ वाहिले तरी चालतात, पण तो उपचार मात्र गाळला जात नाही. वस्तूपेक्षा विचारपूस मोठी, हे शास्त्राने इतक्या साधेपणाने मान्य केले आहे.

देवाला राजा मानून केलेल्या सेवेला ‘राजोपचार’ म्हणतात. पंढरपुरात आषाढी यात्रेसाठी विठ्ठलाचा शेजघरातला पलंग काढला जातो, पाठीशी लोड दिला जातो आणि दर्शन अहोरात्र खुले राहते. या काळात काकडा, पोशाख, धूपारती, शेजारती यांसारखे राजोपचार बंद असतात, म्हणजे भक्तांसाठी देवच आपल्या सेवेवर पाणी सोडतो. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते, त्या वेळी देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, शिणवटा जावा म्हणून औषधी काढा दाखवतात, आणि मग राजोपचार पूर्ववत सुरू होतात. त्या काढ्यात चिकित्सा आणि पूजा हे शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात; थकलेल्याची काळजी घेणे हेच दोहोंचे काम असल्यामुळे त्यांना वेगळे करण्याची गरज तिथे कुणाला पडत नाही.