डासाची जात

सावनेरात डेंगूचा पेशंट निघाला की पहिलं बोट आपल्या मोहल्ल्याकडं वळतं. हे लोक घाण करतात म्हणून डास होतात! मित्रांनो, ऐकून मान खाली घालू नका. आधी डासाची जात विचारा. जात विचारायची सवय तर त्यांनाच जास्त.

डेंगूचा डास एडिस. दिवसा चावतो अन् गटारात नाही, साठवलेल्या बऱ्या पाण्यात वाढतो. रांजण, ड्रम, पडके टायर आणि विदर्भाचा लाडका कुलर. बंगल्यातला कुलर काय अन् झोपडीतला ड्रम काय, मादीला दोन्ही सारखेच. मी विचारतो, ड्रम भरावा का लागतो? नळ रोज येत नाही म्हणून. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. आज हक्क कायद्यात आहे, तोटी कोरडी आहे, अन् दोष पाणी भरणाऱ्या बाईचा!

तुंबलेल्या नालीतला डास वेगळा. तो क्यूलेक्स, हत्तीपाय पसरवणारा. त्याच्याविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम 1955 चा. जानेवारी 2019 मध्ये तीन औषधांचा एकत्र डोस देशातल्या ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी सुरू झाला, त्यात आपला नागपूर जिल्हा होता. गोळ्या वाटायला आले की जरूर घ्या, रक्तातले बारीक जंतू मरतात. पण नालीला उतार गोळ्यांनी येत नाही. तो बांधावा लागतो, अन् बांधायचं बजेट आपल्या मोहल्ल्याच्या अलीकडंच संपतं.

मग धुराची मशीन येते. फटफट आवाज, पोरं मागं धावतात, फोटो निघतो. धुरानं उडता डास मरतो, पाण्यातली अळी मजेत राहते. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी काठाला चिकटतात, कोरडी असूनही महिनोन् महिने टिकतात. आतून घासा. कुलर माळ्यावर टाकण्याआधी तोही घासा. रिकामं न होणाऱ्या टाक्यात गप्पी मासे सोडा. संडासाच्या पाइपाच्या तोंडाला जाळी बांधा.

रविवारी सकाळी प्रत्येक गल्लीतली चार पोरं ब्रश घेऊन निघतील. सोमवारी तीच पोरं कचेरीत जातील, दोन सवाल घेऊन: नळ रोज कधी येणार? आमच्या नालीचं टेंडर कुठं अडलं?