देखाव्यांतील हात आणि नजर

वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आलें कीं भाड्यानें पोशाख देणाऱ्यांच्या दुकानीं पालकांची गर्दी लोटते. कोणास महाराजांचा जिरेटोप हवा असतो, कोणास झांशीच्या राणीची तलवार. नाताळच्या देखाव्याकरितां मेंढपाळाची घोंगडी कोठें मिळेल, याचीही चौकशी चालते. पडदा उघडतो, मुलें मूर्तीप्रमाणें स्तब्ध उभीं राहतात, आणि नेमकी त्याच क्षणीं समोरच्या खुर्चीवरून हांक येते, "बाळा, इकडे बघ!" बाळ इकडे बघतो. छायाचित्र निघतें. त्यांत पोशाख उत्तम येतो, चेहरा ओळखूं येतो. गोष्ट मात्र नाहींशी झालेली असते.

आमचें स्पष्ट मत आहे कीं सजीव देखाव्याचें छायाचित्र पोशाखावर उभें राहत नाहीं. तें हातावर, नजरेवर आणि दोन माणसांमधील मोकळ्या जागेवर उभें राहतें.

राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला, व त्यांचीं चित्रें साध्या घरांच्या भिंतींपर्यंत पोंचलीं. त्यांचें शकुंतलेचें चित्र वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. सखीच्या खांद्यावर हात टेकून, पाऊल उचलून ती पायांतील कांटा काढीत आहे. निदान तसें भासवीत आहे. कारण तिचें तोंड कांट्याकडे नाहीं, तें मागें वळलेलें आहे. ज्याच्यासाठीं तें वळलें तो दुष्यंत चित्रांत कोठेंच नाहीं. हात एक सांगतो, डोळे दुसरेंच सांगतात, आणि या दोहोंच्या विसंगतींतून पाहणारा आपण होऊन गोष्ट जुळवितो. चित्रकारानें दुष्यंतास तेथेंच शेजारीं उभा केला असता तर पाहणाऱ्यास करण्यासारखें काय उरलें असतें?

ही विद्या पुढें आपल्याच जिल्ह्यांतील एका पुरुषाच्या हातीं आली. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं झाला व १९४४ सालीं नाशकास त्यांनीं देह ठेविला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं ते छायाचित्रकार होते, आणि रविवर्मा यांच्या छापखान्यासाठींही त्यांनीं काम केलें होतें. ३ मे १९१३ रोजीं मुंबईस लोकांपुढें आलेल्या त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचा आरंभ पाहावा. राजा लहानग्या रोहिदासास धनुर्विद्या शिकवीत आहे, राणी पाहत आहे. कॅमेरा जागचा हालत नाहीं. जणूं भिंतीवरील चित्रच मूक चालतें झालें आहे. हें मूल पुढें आईसह विकलें जाणार, हें ज्यास ठाऊक आहे त्यास बापलेकांचा तो निश्चिंतपणा पाहवत नाहीं. (जातां जातां सांगितलें पाहिजे कीं तारामती झालेले अण्णा साळुंके हे पुरुष होते.)

विलायतेंत याच्याही बऱ्याच आधीं, १८५८ सालीं, हेन्री पीच रॉबिन्सन यानें पांच निगेटिव्ह जोडून 'फेडिंग अवे' नांवाचें छायाचित्र तयार केलें. अंथरुणास खिळलेली एक तरुण मुलगी, तिच्याजवळ दोन स्त्रिया, आणि खिडकीशीं उभा असलेला एक पुरुष. तो पाठमोरा आहे. त्याचें तोंड दिसत नाहीं, म्हणूनच त्याचें दुःख दिसतें. इतक्या खासगी दुःखाचें छायाचित्र घ्यावें काय, म्हणून तेव्हां पुष्कळ लोक रागावले. वास्तविक ती मुलगी आजारी नव्हती. सारा प्रसंग मांडलेला होता.

मग हें खोटें नव्हे काय, असें विद्यार्थी विचारतील. नाटकास आपण खोटें म्हणत नाहीं, कारण हें नाटक आहे असें पडदा आधींच सांगतो. मांडलेला प्रसंग घडलेला म्हणून पुढें करणें, हें खोटें. आणि असलें खोटें आज प्रत्येकाच्या मोबाईलवर रोज येऊन पडतें. मदतवाटपाचें छायाचित्र घ्या. धान्याची पिशवी मध्यें आहे, देणाऱ्या पांच जणांचे हात तिच्यावर आहेत आणि पांचही जण कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. घेणारी म्हातारी तेवढी खालीं पाहते. ज्या मुलानें एकदां तरी स्वतः देखावा मांडला आहे, त्यास ही रचना कोणासाठीं केली आहे हें कोणी सांगावें लागत नाहीं. ही दृष्टि मुलांस यावी, यासाठींच आम्ही देखाव्याचा आग्रह धरितों, बक्षिसासाठीं नव्हे.

बंगळूरच्या कलावती पुष्पमाला एन. यांनीं क्लेअर आर्नी यांच्या साहाय्यानें २००० ते २००४ या वर्षांत एक छायाचित्रमाला केली. तींत रविवर्म्याच्या चित्रांतील स्त्रिया त्या स्वतःच झाल्या. मूळ चित्रांतील हातांची ठेवण त्यांनीं हुबेहूब उचलली, आणि ही ठेवण स्त्रीला कोणीं शिकविली, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनांत उभा राहिला. नक्कल इतकी बोलकी होऊं शकते!

निफाडच्या मुलांस राजेराण्यांचे पोशाख शोधण्याचें तरी काय कारण? गारपीट म्हणजे काय हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलेलें नाहीं. द्राक्षमळ्याच्या बांधावर एक पाठमोरा बाप, चार पावलें मागें दप्तर घेतलेला मुलगा, आई घराच्या उंबऱ्याशीं. तिचा हात पुढें आलेला, पण कोणासही न पोंचलेला. एवढ्यासाठीं भाड्याचें कांहीं लागत नाहीं. मुलाची नजर बापाच्या पाठीवर असावी कीं खालीं पडलेल्या घडांवर, यावर वर्गानें खुशाल एक तास भांडावें.

पालकांस एवढीच विनंति कीं पडदा उघडल्यावर मुलास नांवानें हांक मारूं नये. त्या वेळीं तो त्यांचा बाळ नसतो, बांधावरील त्या माणसाचा मुलगा असतो.