नायजेरियाचें नाणें आणि लंडनचा भाग

गेल्या महिन्यांत पुण्यास एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं जेवावयास जाण्याचा योग आला. तिघां भावांचें एकत्र कुटुंब, एकच स्वयंपाकघर, आणि जेवणानंतर पानसुपारीच्या तबकाभोंवतीं बसून घरांतील प्रश्नांचा निकाल लावण्याची जुनी पद्धत. त्या दिवशींचा प्रश्न मात्र आम्हांस नवा होता. वडील बंधु, ज्यांस घरांत सारे दादा म्हणतात, ते निवृत्त प्राध्यापक. २००२ सालीं भारती कंपनीनें आपले भाग प्रथम लोकांपुढें विक्रीस काढले, तेव्हां ४५ रुपये दरानें त्यांनीं थोडे घेतले आणि आजवर मोडले नाहींत. दादांच्या नातीस दोन वर्षांनीं इंग्लंडांत शिकावयास जावयाचें आहे, व तिची फी त्या भागांतूनच उभी राहावयाची आहे.

रजेवर आलेला लंडनचा पुतण्या म्हणाला, "दादाकाका, हे भाग विका आणि तिकडच्या बाजारांत एअरटेल आफ्रिका घ्या. फी पौंडांत, भागही पौंडांत. शिवाय मोबाईलवरून पैसे पाठविण्याचा त्यांचा धंदा असा वाढतो आहे, कीं ती उद्यांची बँकच समजा." दादा म्हणाले, "अरे, ज्या देशांच्या राजधान्या मला नकाशांत शोधाव्या लागतात, तेथें पोरीची फी नेऊन ठेवूं?" धाकट्या भावानें आम्हांकडे पाहिलें, आणि पंचाचें काम आमच्या गळ्यांत पडलें.

एक गोष्ट दादांस ठाऊकच नव्हती, ती प्रथम सांगणें भाग होतें. ते आफ्रिकेंतील या धंद्याचे भागीदार २०१० पासूनच आहेत. त्या सालीं भारती कंपनीनें कुवेतच्या झैन कंपनीकडून १५ आफ्रिकी देशांतील मोबाईलचा व्यवसाय १०.७ अब्ज डॉलर इतक्या मूल्यास विकत घेतला. किंमत फार झाली अशी टीका तेव्हां पुष्कळांनीं केली, आणि पुढें कित्येक वर्षें तो धंदा तोट्यांत राहिल्यानें टीकाकारांचें फावलें. २०१९ च्या जून महिन्यांत त्याच व्यवसायाची कंपनी लंडनच्या बाजारांत ८० पेन्सला एक भाग याप्रमाणें आली, आणि पहिल्याच दिवशीं भाव घसरला. पुढल्याच महिन्यांत लागोसच्या बाजारांतही तिची नोंद झाली. आज ती १४ देशांत काम करते, आणि तिचे बहुतेक भाग भारतीकडेच आहेत. तेव्हां पुतण्याच्या सल्ल्याचा अर्थ खिचडी देऊन नुसती डाळ घेणें असा होतो. डाळ वाईट असते असें नाहीं; पण आपण काय देतों व काय घेतों, हें आधीं कळलेलें बरें.

आतां त्या मोबाईलवरील पैशाविषयीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें मूळ घर कोंकणांत आहे, त्यांस ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाहीं. मुंबईचा गिरणी-कामगार महिन्याच्या आरंभीं मनीऑर्डर करी आणि रत्नागिरीकडील घरांत पोस्टमनची वाट पाहिली जाई. युगांडांतील कंपाला शहरांत मजुरी करणारा मनुष्यही तसाच आपल्या गांवीं पैसे पाठवितो. फरक इतकाच, कीं पोस्टमनच्या जागीं गल्लींतील टपरीवाला आला आहे. मजूर त्याच्याजवळ नोटा देतो, तितकी रक्कम त्याच्या मोबाईलच्या खात्यांत जमा होते, तो ती गांवीं पाठवितो, आणि त्याची आई तेथल्या टपरीवर जाऊन रोख रक्कम घेते. लोकांचा पैसा बँकेंत निराळा ठेवलेला असतो. कंपनीस मिळते ती पाठविण्याची व काढण्याची दस्तुरी, आणि तींतून टपरीवाल्याचें कमिशन द्यावें लागतें. केनियांत सफारीकॉमनें २००७ सालीं एम-पेसा सुरू करून ही वाट पाडली. एअरटेल आफ्रिकेचे मार्च २०२५ अखेर १६ कोटी ६० लाखांवर ग्राहक होते, आणि त्यांतील सुमारें ४ कोटी ४६ लाख हे मोबाईल-पैशाचे.

गुंतवणूक करणाऱ्यांची या कंपनीवर जी श्रद्धा आहे, ती मुख्यतः या ४ कोटींवर आहे. २०२१ सालीं अमेरिकेच्या राइझ फंडानें २० कोटी डॉलर व मास्टरकार्डनें १० कोटी डॉलर देऊन केवळ या शाखेचा लहानसा हिस्सा घेतला, तेव्हां त्या एकट्या शाखेची किंमत २.६५ अब्ज डॉलर धरली गेली. दोनच वर्षांपूर्वीं लंडनला आलेल्या संपूर्ण कंपनीची किंमत सुमारें ३.९ अब्ज डॉलर ठरली होती! पुतण्याचा उत्साह अगदीं निराधार नव्हे.

सरकारचा हात मात्र या दस्तुरीवर केव्हांही पडूं शकतो. युगांडाच्या सरकारनें २०१८ च्या जुलैमध्यें मोबाईल-पैशाच्या व्यवहारांवर एक टक्का कर बसविला. लोक संतापले, आणि त्याच वर्षीं तो अर्धा टक्का करून केवळ पैसे काढण्यापुरता ठेवावा लागला.

पण आमच्या मतें खरें मर्म हुंडणावळींत आहे, आणि तें पुतण्याच्या "फी पौंडांत, भागही पौंडांत" या वाक्यांतच लपलेलें होतें. भागाचा भाव पेन्सांत लिहिला जातो, तो लंडनच्या बाजाराची रीत म्हणून. कंपनी एक पेन्सही लंडनांत कमावीत नाहीं. तिची कमाई नायजेरियाच्या नायरांत, युगांडा व टांझानियाच्या शिलिंगांत, झांबिया आणि मलावीच्या क्वाचांत, आणि युरोशीं बांधलेल्या मध्य व पश्चिम आफ्रिकेच्या फ्रँकांत होते. हिशेब मांडला जातो डॉलरांत, आणि लाभांशही डॉलरांतच जाहीर होतो. दुकानाची पाटी इंग्रजींत असली म्हणून गल्ल्यांतील नाणीं इंग्रजी होत नाहींत.

२०२३ च्या जून महिन्यांत नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेनें नायरास मोकळें सोडलें. त्यापूर्वीं एका डॉलरास सुमारें ४६० नायरा पडत. २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत १,५०० च्या घरांत पडूं लागले. लागोसचा ग्राहक महिन्यास ४,६०० नायरा देत असेल, तर ते पूर्वीं दहा डॉलर होते, आतां तीनच राहिले. ग्राहकानें एक नायराही कमी दिला नाहीं, कारकुनांनीं कामांत कसूर केली नाहीं. तरी लंडनच्या वहींत दहांचे तीन झाले. याच्या उलट कंपनीनें परदेशीं दहा डॉलर कर्ज घेतलें असेल, तर फेडावयास पूर्वीं ४,६०० नायरा पुरत, आतां १५,००० लागूं लागले. जमेची बाजू आटते आणि देण्याची बाजू फुगते, ती अशी एकाच वेळीं. दादांस हें सांगतांना १९६६ च्या जूनची आठवण झाली, जेव्हां डॉलरचा भाव एका रात्रींत ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. दादा तेव्हां शाळेंत होते, आणि वडिलांचा चेहरा त्यांस अद्याप आठवतो.

२०२२-२३ सालीं कंपनीच्या एकूण उत्पन्नापैकीं सुमारें ४० टक्के एकट्या नायजेरियांतून येत असे. मग पुढच्या वर्षीं काय झालें, तें आंकडेच सांगतात. मार्च २०२४ अखेरच्या वर्षांत स्थिर हुंडणावळीनें मोजल्यास उत्पन्न सुमारें २१ टक्क्यांनीं वाढलें. प्रत्यक्ष डॉलरांत तें ५ टक्क्यांहून थोडें अधिक घटलें. आदल्या वर्षींचा ७५ कोटी डॉलरांचा नफा जाऊन ८ कोटी ९० लाख डॉलरांचा तोटा पदरीं आला.

या एका अहवालावर गुंतवणूकदारांचे दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, स्थिर हुंडणावळीचा आंकडाच खरा, कारण धंदा कसा चालला आहे तें त्यांतून दिसतें. दुसरा म्हणतो, तो आंकडा म्हणजे मनाचे मांडे. आमचें मत विचाराल तर पहिला आंकडा व्यवस्थापकांची परीक्षा घेण्यास उत्तम आहे. पण कोणत्याही विद्यापीठाची फी स्थिर हुंडणावळीनें स्वीकारली जात नाहीं. आणि दुसऱ्या पक्षाच्याही नजरेंतून एक गोष्ट सुटते, ती ही कीं मोबाईल-पैशाची कमाई नायजेरियांत अल्प आहे. तेथें या व्यवसायाचा परवाना कंपनीस २०२२ मध्यें मिळाला. ती कमाई मुख्यत्वें पूर्व आफ्रिकेंत व फ्रँक वापरणाऱ्या देशांत होते, म्हणून नायराच्या पडझडीचा तडाखा तिला तितकासा बसला नाहीं.

पुतण्यानेंही आपली बाजू सोडली नाहीं. त्याचें म्हणणें, २०२४ च्या आरंभीं शंभर पेन्सच्या आसपास ज्यांनीं हा भाग घेतला, त्यांचे पैसे २०२५ मध्यें दुप्पट झाले. हें खरेंच आहे. कंपनीनें मुख्य कंपनीच्या नांवचें उरलेलें ५५ कोटी डॉलरांचें कर्ज मे २०२४ मध्यें फेडून टाकलें. जानेवारी २०२५ मध्यें नायजेरियाच्या सरकारी नियामकानें दर ५० टक्क्यांपर्यंत वाढविण्यास परवानगी दिली. नायराही पुष्कळसा स्थिरावला. धीर धरणाऱ्यांस फळ मिळालें. पण ज्याची फी २०२४ च्या मार्चमध्यें भरावयाची होती, त्यास धीर धरण्याची मुभा नव्हती, आणि दादांच्या नातीची तारीख विद्यापीठानें ठरविलेली आहे, बाजारानें नव्हे.

दादांच्या सूनबाई इतका वेळ दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनीं विचारलें, "मग दोन वर्षांच्या फीपुरतेच भाग आतां मोडले तर?" बराच वेळ चाललेला वाद त्या एका प्रश्नावर थांबला. तितके भाग मोडून रक्कम बँकेंत ठेवावयाची, बाकीचे भारतीचे भाग होते तसेच राहूं द्यावयाचे, असें ठरलें. पुतण्या आपल्या पगारांतून लंडनला थोडे भाग घेणार आहे, आणि त्यास आम्ही हरकत घेतली नाहीं. तो तरुण आहे, अविवाहित आहे, आणि त्यास दहा वर्षें थांबतां येईल.

त्यास एवढेंच सांगून ठेवलें, कीं २०२१ च्या करारांत मोबाईल-पैशाची शाखा चार वर्षांत बाजारांत न आल्यास त्या गुंतवणूकदारांस आपला हिस्सा कंपनीसच परत विकण्याची मुभा होती, आणि २०२५ मध्यें कंपनीनें ही भागविक्री २०२६ च्या पूर्वार्धांत करण्याचा मानस जाहीर केला होता. त्या विक्रीचें माहितीपत्रक हातीं आलें, म्हणजे कोणत्या देशांतून किती दस्तुरी येते तें पान त्यानें प्रथम उघडावें व आम्हांस लिहावें. त्यानें मान डोलाविली, आणि दादांनीं सुपारीचें तबक पुढें सरकविलें.