सायकली पुढे, ट्रॉली मागे

दिवाळी झाली की शेगाव–वरवट बकाल रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. कापूस भरलेल्या ट्रॉल्या शेगाव-खामगावच्या जिनिंगकडे निघतात. रिकाम्या होऊन परततात तेव्हा त्यांत किराणा, सिमेंटची पोती, दोन-चार माणसं आणि हटकून एखादी सायकल असते. आत जागा असली तर आत, नाहीतर मागच्या फाळक्याला बाहेरून, जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेली. बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात सुट्टीवर निघालेल्या कुटुंबापुढे मात्र सायकल कुठे बांधायची हा मोठाच प्रश्न असतो. पुढे पिकअप ट्रक, मागे झोपण्या-रांधण्याची सोय असलेली चाकांवरची खोली, म्हणजे कॅराव्हॅन, आणि घरातल्या प्रत्येकाची एक सायकल. या सायकली ठेवायच्या कुठे? ट्रकच्या डाल्यात, टपावर, दोन गाड्या जोडणाऱ्या दांड्यावर की खोलीच्या पाठीला? पाठ रिकामी असते म्हणून बहुतेकांची नजर तिथेच जाते. आणि तीच जागा सगळ्यांत वाईट.

का, ते बैलगाडी हाकलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. मागे जास्त भरलं की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं. एका आसाच्या ट्रेलरचंही तेच. त्याच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढे हुकावर पडावा, असं ट्रेलर बनवणारे सांगतात. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा खोलीचं वजन ८०० किलो आणि हुकावर ९६ किलो, म्हणजे बारा टक्के. आसापासून हुक चार मीटर पुढे, तर पाठ तीन मीटर मागे. तिथे आपल्याकडच्या काळ्या, जड, वीस-वीस किलोच्या चार सायकली टांगल्या. ८० किलोचं हे वजन मागून तरफेसारखं दाबतं आणि हुकावरचा भार तब्बल ६० किलोंनी उतरतो. उरतात ३६ किलो, म्हणजे ८८० किलोंच्या गाडीचे चार टक्के. अशी गाडी ताशी ७०-८० च्या वेगात डावी-उजवीकडे झोके खाऊ लागते. झोका वाढत गेला की ओढणारी गाडीही त्यात ओढली जाते. घाबरून ब्रेक दाबला तर गाडी आडवी व्हायची भीती अधिक. अशा वेळी अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढणं आणि स्टीअरिंग सरळ धरून ठेवणं हा उपाय.

शिवाय आसाच्या मागचं टोक खड्ड्यात सर्वांत जास्त आदळतं. दर आदळ्यासरशी स्टँडचे बोल्ट सैल होतात, आणि मागे पडलेली सायकल चालकाला आरशात दिसतही नाही.

म्हणून सायकली ओढणाऱ्या गाडीवर असाव्यात. त्यातही मेख आहे. पिकअपच्या मागच्या फाळक्यावर जाड गादी टाकून पुढचं चाक बाहेर लोंबकळत ठेवायची पद्धत डोंगरी सायकलस्वारांत लोकप्रिय आहे. मागे काही जोडलेलं नसेल तर ती झकास चालते. ट्रेलर असला की अरुंद वळणावर त्याचं नाक गाडीच्या कोपऱ्यापाशी येतं आणि बाहेर आलेलं चाक त्यात चिरडतं. टपावर ठेवल्या तर मागची अडचण मिटते, पण उंची जवळजवळ तीन मीटरवर जाते. परदेशात लोक त्या सायकलींसकट स्वतःच्या गॅरेजमध्ये शिरतात आणि छत फोडून घेतात. आपल्याकडे त्या जागी बाभळीच्या फांद्या आहेत, लोंबत्या वायरी आहेत आणि रेल्वेच्या भुयारी मार्गाआधीची लोखंडी कमान आहे. मग राहतो एकच चांगला मार्ग: पुढचं चाक काढून सायकल डाल्यात, केबिनच्या पाठीशी, उभी आवळायची.

टपावर सायकल चढवणं महाराष्ट्राला नवं नाही. एसटीच्या लाल गाडीला मागे शिडी असायची आणि वर कठडा. बाजाराच्या दिवशी कोंबड्यांच्या डालग्यांपासून सायकलीपर्यंत सगळं त्या शिडीने वर जायचं. लगेजचं तिकीट फाडलं की काम झालं. पुढे टपावरचे कठडे गेले, आणि खेड्यातला माणूस आपली सायकल घेऊन लांबच्या कामाला जाऊ शकेल अशी सोयही त्यांच्याबरोबर गेली. तिची जागा पिकअपने आणि ट्रॅक्टरने घेतली, पण नियमाबाहेर राहून.

याचं सर्वांत मोठं रूप ऊसतोडीच्या हंगामात दिसतं. बीड, जालना आणि बुलढाण्याच्या जालन्यालगतच्या गावांतून टोळ्या निघतात त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांत पाच-सहा महिन्यांचं घर: भांडी, धान्य, खोपीचं सामान, शेळ्या, लेकरं, आणि बाहेरून बांधलेल्या सायकली नाहीतर मोटारसायकल. परदेशातले लोक हौसेने जे करतात तेच हे लोक पोटासाठी करतात. फरक इतकाच की तिथल्या ट्रेलरला ब्रेक, दिवे आणि सुटला तर धरून ठेवणारी साखळी असते, आणि इथल्या कित्येक ट्रॉल्यांना मागे साधा लाल दिवाही नसतो. हंगामात अशा अंधारातल्या ट्रॉल्यांवर मागून वाहनं आदळल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अशा वेळी फाळक्याला टांगलेली सायकल असलानसला रिफ्लेक्टरही झाकून टाकते.

सायकल आणि गाडी यांचं हे गणित मराठी माणसांनी अत्यंत शिस्तीने सोडवल्याचं उदाहरणही आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या अॅनापोलिसपर्यंत सुमारे तीन हजार मैल, नऊ दिवसांच्या आत. एक भाऊ रस्त्यावर, दुसरा गाडीत. पाळी बदलली की सायकली खाली-वर. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. टाळ्या स्वारांना मिळाल्या आणि त्या मिळायलाच हव्यात. पण या शर्यतीची अर्धी कसोटी मागच्या गाडीतल्या मंडळींची असते. रात्री स्वाराच्या पाठीशी गाडी चालवणं सक्तीचं, तिच्यावर पिवळे लुकलुकते दिवे आणि मागे ‘संथ वाहन’ सांगणारा चमकता त्रिकोण हवाच. सायकलींच्या स्टँडने तो झाकला तर चालत नाही.

आपल्याकडे कायदा कमी पडतो असं म्हणता येणार नाही. मोटार वाहन कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच मानलं आहे, म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी आली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ (१अ) प्रमाणे माल बाजूला, पुढे, मागे किंवा वर मर्यादेबाहेर आला तर २० हजार रुपये दंड, शिवाय उतरवून घेण्याचा खर्च. नंबरप्लेट झाकली तर ते प्रकरण वेगळं. सायकलींना रिफ्लेक्टर असावेत आणि ते दर्जाचे असावेत, यासाठी केंद्राचा २०२० चा आदेश आहे. मात्र शंभर रुपयांच्या चमकत्या लाल पट्टीने जे काम होईल, त्यासाठी २० हजारांच्या दंडाची वाट पाहणं हा सरळ आळस आहे. मालकाचाही आणि तपासणी करणाऱ्यांचाही.

हे सगळं संग्रामपूरने आत्ताच मनावर घ्यावं याला आणखी एक कारण आहे. तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, सुमारे १२७ चौरस किलोमीटरचं, आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेलं. सोनाळ्याकडून जंगलात जाणारे पर्यटक वाढताहेत, शेजारी वान नदीवरचं हनुमान सागर धरण आणि वारीचं मारुतीचं देऊळ आहे. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं; त्यात गाड्याही आल्या आणि त्या उभ्या करायचे तळही. अभयारण्याच्या आत सायकल फिरवायला कोणी देणार नाही, देऊही नये. पण वरवट ते सोनाळा, टुनकी ते वारी हे संत्र्याच्या बागांमधले रस्ते हिवाळ्यात सायकलीसाठी उत्तम आहेत. सायकली लादलेली गाडी आणि मागे चाकांवरची खोली, अशी पहिली पाहुणी मंडळी इकडे फिरकतील तेव्हा त्यांना याच रस्त्यांवर, याच बिनदिव्याच्या ट्रॉल्यांमागून यावं लागणार आहे.

तेव्हा कापूस निघण्याआधी ट्रॅक्टरमालकांनी एवढं करावं. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर दोन्ही कोपऱ्यांना लाल पट्टी लावून घ्यावी, हुकाच्या पिनेला कडी आणि शेजारी साखळी टाकावी. मजुराची सायकल मागे टांगू न देता ट्रॉलीत पुढच्या फळीला टेकवून बांधावी. जिनिंगवाल्यांनी आणि बाजार समित्यांनी फाटकावर ट्रॉली आत घेतानाच पट्टी आहे की नाही ते पाहावं, नसेल तर तिथेच लावून द्यावी आणि तिचे पैसे मापाच्या पावतीत कापावेत.