राखणदारालाच मारतोय का आपण?

परवा बचत गटाच्या बैठकीला एक वहिनी वांग्याची पानं घेऊन आल्या. पानाखाली मावा आणि त्यातच काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या खरखरीत अळ्या. "ताई, ही नवीनच कीड आलीय. दुकानदारानं कडक औषध दिलंय, उद्या फवारणार."

खरं सांगते मैत्रिणींनो, कधीकाळी परसातल्या अशाच अळ्या मीही चिरडल्या होत्या. मग कृषी सहायकांनी सांगितलं, ही तर ढालकिड्याची पिल्लं! मावा हेच त्यांचं खाणं. म्हणजे चोर समजून मी राखणदारालाच मारत होते.

सायपरमेथ्रिनसारखं कडक औषध किडीबरोबर ढालकिडा, क्रायसोपा हे मित्रकीटकही मारतं. मग लाल कोळी आणि पांढऱ्या माशीला रान मोकळं. पुन्हा फवारणी, पुन्हा खर्च. डब्यावरच्या हिरव्या त्रिकोणावरही विसंबू नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग औषध माणसाला किती विषारी एवढंच सांगतात. मित्रकीटकांची हमी त्यात नसते.

मग करायचं काय? मावा थोडा असेल आणि ढालकिडे दिसत असतील, तर चार दिवस थांबा. वाढलाच तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. ५ किलो निंबोळ्यांची पूड रात्रभर पाण्यात भिजवायची, गाळायची आणि पाणी घालून १०० लिटर करायची. पानं खाणाऱ्या अळ्यांना बीटी चांगलं. ते अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं, ढालकिड्याला धक्का लागत नाही. शेंडा पोखरणारी अळी एकदा आत शिरली, की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. सुकलेले शेंडे खुडून नष्ट करा, कामगंध सापळे लावा. आणि फवारणी संध्याकाळीच, मधमाश्या परतल्यावर.

खुरपणी आपण करतो, तोडणीही आपणच. पानाखाली काय चाललंय ते आधी आपल्यालाच दिसतं. पण औषध आणायला जातात घरचे पुरुष आणि निवड करतो दुकानदार! आपल्याला कुणी विचारतच नाही, आणि आपणही बोलत नाही.

वहिनी घरी बोलल्या. "किडे बघत बसायला वेळ आहे का?" असं ऐकावंही लागलं. पण "दोन सऱ्या तरी माझ्या मनानं करू द्या," म्हणून त्या अडून बसल्या. दोन सऱ्या मिळाल्या.

तुम्हीही उद्या एक पान उलटून बघा. आणि जे दिसेल, ते घरात ठणकावून सांगा.